गोठत्या तेलाला करंजाची मात्रा

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत खनिज तेलाचा थेंब निघत नाही. पायाखाली सगळा काळा बेसाल्ट. तेलविहीर खणायला इथे कोणी फिरकणार नाही. त्यामुळे कच्च्या तेलाच्या पाइपलाइनमध्ये साचणाऱ्या मेणावर मी काम करते म्हटलं की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मॅडम, पाइपलाइन कुठाय?" पाइपलाइन नव्हती. करंज मात्र भरपूर होता. ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, शाळांच्या आवारात. उन्हाळ्यात झाडाखाली शेंगांचा खच पडायचा आणि तो पाचोळ्याबरोबर झाडून पेटवून दिला जायचा. माझ्या कामाची सुरुवात त्या खचापासून झाली. तेलाचा प्रश्न मी नंतर शोधला, हे आधीच सांगून टाकते. बियांवर काम करणाऱ्या आमच्यासारख्या बऱ्याच जणांचं असंच असतं. माल हाताशी असतो, त्याला काम शोधलं जातं.

साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. माहेर सांगली जिल्ह्यातलं, पलूसकडचं. सुटीत माहेरी जायचं आणि येताना बियांचं पोतं घेऊन यायचं, असा अनेक वर्षांचा परिपाठ झाला होता.

आता मेणाविषयी. थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल बाहेर येत नाही, हे घरोघरी ठाऊक आहे. खनिज तेलाचंही तसंच होतं; फक्त तिथली बाटली शेकडो किलोमीटर लांब असते आणि उन्हात ठेवता येत नाही. कच्च्या तेलात सरळ साखळीची हायड्रोकार्बन असतात, अठरा-वीस कार्बनांपासून चाळीस आणि त्याहूनही लांब. जमिनीखालच्या उष्णतेत ती विरघळलेली राहतात. तेल वर येऊन गार व्हायला लागलं की लांब साखळ्या आधी बाहेर पडतात, एकमेकींवर रचून पातळ पापुद्र्यांचे स्फटिक करतात आणि त्या पापुद्र्यांच्या जाळीत उरलेलं पातळ तेल अडकून बसतं. सगळं तेल गोठावं लागत नाही. वजनाने दोन टक्क्यांच्या आसपास मेण स्फटिकरूप झालं तरी अख्खा नमुना थिजतो. आसामात दिग्बोईला १९०१ मध्ये रिफायनरी सुरू झाली. तिथलं पॅराफिन मेण मेणबत्तीवाल्यांकडे जातं. तिथे जो विकायचा माल, तोच पाइपलाइनवाल्याच्या डोक्याला ताप.

आपल्या मुंबई हायचं तेल घ्या. हे क्षेत्र सापडलं १९७४ मध्ये, उत्पादन सुरू झालं १९७६ मध्ये. या तेलाचा पोअर पॉइंट, म्हणजे ज्याखाली तेल ओतलं जात नाही ते तापमान, सुमारे ३० अंश सेल्सिअस. ते तेल समुद्रतळावरच्या नळातून उरणला येतं, आणि तळाचं पाणी त्याहून थंड. राजस्थानात बाडमेरचं मंगला क्षेत्र २००४ मध्ये सापडलं. तिथलं तेल इतकं मेणचट की चाळीस अंशांच्या वरच थिजतं; राजस्थानच्या उन्हाळ्यातसुद्धा त्याचा भरवसा नाही. म्हणून तिथून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ६७० किलोमीटरची नळवाहिनी बांधली, ती पूर्ण लांबीभर वेष्टण घालून आणि विजेवर तापती ठेवून. त्याआधी साठच्या दशकात नहरकटिया ते बरौनी ही अकराशे किलोमीटरहून लांब वाहिनी झाली, तेव्हा आसामचं तेल आधी तापवून मग ठरावीक गतीने गार करत आणि पाठवत. असं गार केलं की स्फटिकांची ठेवणच बदलते आणि जाळी कच्ची राहते.

तिसरा मार्ग रसायनांचा. काही पॉलिमर अगदी थोड्या प्रमाणात घातले, दहा लाख भागांत काही शे भाग, की मेणाचे स्फटिक वाढताना ते मध्ये घुसतात. या रेणूची लांब शेपटी मेणाच्या साखळीसारखीच असते, म्हणून मेण तिला आपलंच समजून शेजारी जागा देतं. पण त्याच रेणूचा दुसरा, ध्रुवीय भाग पुढच्या साखळीला नीट बसू देत नाही. पापुद्रा पसरत नाही, बारीक कण राहतात. हे सगळं आम्ही पुस्तकात वाचलं आणि मनात आलं की लांब शेपट्या तर आपल्या पोत्यात भरलेल्या आहेत.

पोतं फोडल्यावर पहिली अडचण घाण्याची. तासगावकडच्या एका घाणेवाल्याने करंजाकडे नुसतं पाहिलं आणि हात जोडले. "मॅडम, ह्यो एकदा घातला की पुढचं शेंगतेल कडू येतंय. गिऱ्हाईक मला सोडंल व्हय?" त्याचं म्हणणं बरोबरच होतं. करंजाच्या तेलातले करंजिन, पोंगामॉल हे घटक कडू, आणि वास तर असा की प्रयोगशाळेतून घरी गेल्यावर मुलगी लांबूनच ओळखायची. शेवटी एका जुन्या, बंद ठेवलेल्या घाण्यावर काम झालं. पेंड त्या घाणेवाल्यानेच ठेवून घेतली. करंजाची पेंड उसाला आणि वाळवीला चांगली, हे त्याला आमच्याहून जास्त माहीत होतं.

दुसरी अडचण बियांच्या वयाची. ओलीत पडलेल्या, वर्षभर ठेवलेल्या बियांच्या तेलात सुटी मेदाम्लं वाढतात. असं तेल थेट मिथेनॉल आणि अल्कली घालून हलवलं की एस्टरऐवजी साबण होतो. सेपरेटिंग फनेलमध्ये दोन स्वच्छ थर दिसायच्या जागी फेसाळ, राखाडी खिचडा. बरं, तो टाकूनही देता येत नाही, कारण विद्यार्थ्यांना तोच धडा द्यायचा असतो. म्हणून आधी आम्ल घालून सुटी मेदाम्लं एस्टर करायची, मग अल्कली, अशी दोन टप्प्यांची रीत आम्ही पक्की केली. ताजी बी, सावलीत वाळवलेली, हा नियम मी माहेरच्या शेजारणींना इतक्यांदा सांगितला की त्या मला चिडवायच्या.

आणि कच्चं खनिज तेल? ते दुकानात मिळत नाही. पत्रं लिहिली, शिक्के मारले, वाट पाहिली. शेवटी गुजरातेत नोकरीला असलेल्या एका माजी विद्यार्थ्याच्या खटपटीने, रीतसर परवानगीने, एक छोटा कॅन आला. तो डिसेंबरात उघडला तर आत काळ्या चॉकलेटी रंगाचा घट्ट गोळा. साताऱ्याची थंडी आम्हाला शीतपेटीचं काम फुकट करून देत होती. हाच कॅन मे महिन्यात सांगलीला नेला असता तर खोलीच्या तापमानाला पातळ निघाला असता. इथे एक गोष्ट शिकावी लागली, जी आम्हाला पुस्तकाने नीट सांगितली नव्हती. मेणचट तेलाला आठवण असते. आधी ते किती तापलं होतं, किती वेगाने गार झालं, यावर आजचा आकडा ठरतो. म्हणून प्रत्येक नमुना आधी साठ-पासष्ट अंशांपर्यंत बंद बाटलीत तापवून त्याचं मागचं सगळं पुसून टाकायचं आणि मगच मोजायला घ्यायचं. ही पायरी टाळलेले निबंध मी वाचले आहेत, आणि त्यांच्या आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही.

पोअर पॉइंट मोजायची पद्धत इतकी साधी की शाळेतलं पोर करील. सपाट बुडाची काचेची नळी, बुचातून खोचलेला थर्मामीटर, बाहेर बर्फाचं पाणी. दर तीन अंशांना नळी बाहेर काढून वाकडी करायची. ज्या तापमानाला नळी आडवी धरून पाच सेकंद तेल हलत नाही, त्यात तीन मिळवायचे, तो पोअर पॉइंट. म्हणजे उत्तर नेहमी तीनच्या पायऱ्यांत येतं. कोणी २७.४ अंश लिहिलं असेल तर त्याने ही पद्धत वापरलेली नाही, किंवा वापरून वर नक्षी काढली आहे.

करंजाचं कच्चं तेल तसंच घातलं. काही झालं नाही. पाच सेकंद, दहा सेकंद, नळी आडवी, तेल जागचं हलायला तयार नाही. एरंडाचं तेल घातलं तर ते मुळात नीट मिसळेचना. एरंडेल अल्कोहोलमध्ये मजेत विरघळतं, पेट्रोलियमशी मात्र त्याचं फारसं जमत नाही. नव्वद टक्क्यांच्या आसपास रिसिनोलेइक आम्ल आणि त्यावरचा हायड्रॉक्सिल गट, हे त्याचं कारण. हाच गट पुढे उपयोगी पडला, कारण रसायनाला पकडायला जागा तिथे आयती मिळते. पण कच्चं बियांचं तेल ओतलं आणि मेण पळालं, असं काही घडत नाही. एवढं कळायला आमचा एक उन्हाळा गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

कारण शोधताना नजर शेपटीच्या लांबीकडे गेली. करंजात मुख्यतः ओलेइक आम्ल, अठरा कार्बनांचं आणि मध्येच वाकलेलं. सरळ मेणाच्या रांगेत ही वाकडी शेपटी नीट बसत नाही. मात्र करंजात चार-पाच टक्के बेहेनिक आम्लही असतं, बावीस कार्बनांचं, सरळ. भुईमुगात ते थोडं असतं. शेवग्याच्या बियांत पाच ते सात टक्के, आणि शेवगा तर आमच्या दुष्काळी तालुक्यांत बांधाबांधावर. कामाची चीज ती, पण ती थोडी. शंभर किलो करंजाची बी घाण्यात घातली तर पंचवीस किलोच्या आसपास तेल, आणि त्यात बेहेनिक जेमतेम एक किलो. हा हिशेब मी फळ्यावर मांडला तेव्हा माझी एम.एस्सी.ची मुलं गप्प झाली. एक जण म्हणाला, "मग मॅडम, आपण उरलेल्या चोवीस किलोचं करायचं काय?" त्या प्रश्नाने आमच्या कामाला वळण दिलं.

उरलेल्या तेलाचा आम्ही गाभा केला. करंजाच्या तेलाला मॅलेइक ॲनहायड्राइड दोनशे अंशांच्या आसपास जोडायचं, मग त्या ॲनहायड्राइडचं कडं लांब साखळीच्या अल्कोहोलने उघडायचं. अशाने वाकड्या तेलाच्या अंगावर सरळ शेपट्या बसतात, आणि शेजारी आम्लाचा ध्रुवीय गट मोकळा राहतो. एरंडेलाच्या बाबतीत हायड्रॉक्सिल गटामुळे हेच काम कमी तापमानात होतं. तयार झालेला चिकट, तांबूस पदार्थ झायलीनमध्ये विरघळवून घातला आणि नळीतलं तेल हललं. भूशास्त्र विभागाचा ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक आम्ही मागून आणला होता, खडकांचे काप पाहायचा. त्यात साध्या तेलाचा थेंब गार करून पाहिला तर काळ्या पार्श्वभूमीवर चमकत्या सुयांचं दाट जाळं; मात्रा दिलेल्या तेलात सुटे, बारीक, चमकते दाणे. मुलांनी मोबाइलवर फोटो काढले आणि त्या दिवशी बाकी तास झाले नाहीत.

पण मी झायलीनचा कोरा नमुनाही लावून ठेवला होता, आमचा पदार्थ न घालता, नुसतं तेवढंच झायलीन. त्यानेही तेल एक पायरी खाली आलं. म्हणजे आमच्या यशातला एक भाग झायलीनचा होता. हा आकडा तक्त्यात घालायचा की नाही यावर विभागात वाद झाला. मी घातला. पुढे मात्रा वाढवली तर परिणाम वाढेल ही आशाही फोल ठरली; एका मर्यादेपुढे आमचा पदार्थ स्वतःच थिजू लागला. आणि दुसऱ्या विहिरीच्या तेलावर तीच मात्रा लागूच पडली नाही. मेणाची लांबी वेगळी, तर शेपटीही वेगळी हवी. सर्व तेलांना चालणारं औषध नसतं, असं या क्षेत्रातले जुने लोक सांगतात ते खरं आहे.

या सगळ्यावर खरी टीका केली ती माझ्या काकांनी. ते किर्लोस्करवाडीच्या पंपांच्या कारखान्यात आयुष्यभर फिटर होते. १९१० मध्ये माळावर वसलेल्या त्या गावात पंप हा घरगुती विषय आहे. जेवताना भाजीवर बोलावं तसं तिथे पंपावर बोलतात. मी उत्साहाने नळी वाकडी करून दाखवली. काकांनी पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, वाहतंय तोवर सगळं सोपं असतं. लाइन बंद पडली, तेल आत रात्रभर बसलं, तर सकाळी सुरू कशी करणार? पंपाला किती दाब मागशील, ते सांग." मी गप्प बसले. पाइपलाइन चालवणाऱ्याची झोप उडवणारा प्रश्न तोच. तेल ओतलं जातं की नाही यापेक्षा थिजलेलं तेल फोडायला किती जोर लागतो, हे त्याला हवं असतं.

मग आम्ही एक साधं यंत्र जमवलं. काचेची यू-नळी, त्यात थिजवलेलं तेल, एका टोकाला हातपंप आणि दाबमापक. किती दाबाला थिजलेलं तेल सुटतं ते पाहायचं. काकांनीच जोड बसवून दिले आणि एकही गळला नाही. पोअर पॉइंटमध्ये एकसारखे दिसणारे दोन नमुने इथे वेगळे निघाले. एक हलक्या दाबाला सुटायचा, दुसरा ताठ बसायचा. नंतर कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडून पोकळ पोलादी बोट करून घेतलं. आतून गार पाणी फिरवायचं, बाहेरून कोमट तेल ढवळायचं, आणि बोटावर मेणाचा किती थर चढतो ते खरवडून तोलायचं. तिथे आमची मात्रा फारशी चमकली नाही. थर थोडा कमी, थोडा मऊ, एवढंच. तेल थिजणं आणि नळाच्या भिंतीवर मेण बसणं हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याला आमच्या औषधाने बरं वाटतं. दुसऱ्यासाठी अजूनही पिग नावाचं बुच नळातून ढकलून भिंत खरवडावी लागते, आणि ते काम करंज करणार नाही. वर्तमानपत्रात 'बियांच्या तेलाने पाइपलाइनमधलं मेण नाहीसं' असा मथळा दिसला तर तो वाचून पुढे जावं.

याच काळात संदर्भ चाळताना कळलं, आणि थोडं हसू आलं, की आपण ज्याला नवी कल्पना समजतो ती निम्मी जुनी आहे. मेणचट तेलासाठी बाजारात जे पॉलिमर मिळतात, त्यांतल्या अनेकांना लागतं बेहेनिल अल्कोहोल, आणि ते कारखान्यात येतं मोहरीवर्गातल्या बियांच्या तेलातून. एरुसिक आम्ल जास्त असलेल्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया केली की बावीस कार्बनांची सरळ साखळी हाती येते. म्हणजे शेतातलं बी पाइपलाइनमध्ये आधीच पोचलेलं आहे, मोठ्या रिॲक्टरमधून आणि शुद्ध होऊन. नायजेरियात एरंड, मोगली एरंड आणि रबराच्या बियांवर अशाच चाचण्या झाल्या. तिथेही हाताशी बी होती आणि दारात मेणचट तेल होतं. आमच्याकडे फक्त बी. या फरकाचा अर्थ मला हळूहळू समजला. साताऱ्यात बसून आम्ही पाइपलाइन वाचवणार नाही. पण कोणत्या बीतला कोणता रेणू कामाचा, कोणता निरुपयोगी, हे काचेच्या नळीत आणि बर्फात आम्ही कोणाइतकंच नीट सांगू शकतो. त्यासाठी महागडं उपकरण लागत नाही, चिकाटी लागते.

प्रकल्पाचा अहवाल गेला, मुलांचे प्रबंध झाले, काही जण औषध कंपन्यांत लागले. करंजाचं तेल अजूनही फडताळात आहे. लोक विचारतात, व्यापारी उत्पादन कधी? सहकारी तत्त्वावर काही करता येईल का? एका गावच्या सरपंचांनी तर माळावर करंज लावण्यासाठी ठराव करायची तयारी दाखवली. तेव्हा मला मोगली एरंड आठवला. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जैवइंधनासाठी त्याची शिफारस केली, २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं गेलं, आणि आमच्या कोरडवाहू पट्ट्यात रोपं वाटली गेली. झाडं जगली, बी फार आली नाही, आलेली घ्यायला कोणी आलं नाही. शेतकऱ्यांनी ती उपटून पुन्हा बाजरी घातली. त्यांना कोणी नुकसान विचारलं नाही.

म्हणून सरपंचांना मी हिशेब सांगितला. दहा लाखांत पाचशे भाग म्हणजे एक टन खनिज तेलाला अर्धा किलो द्रव्य. मागणी आलीच तरी ती मोजक्या कारखान्यांची, ठरावीक शुद्धतेची, आणि त्यांना मोहरीचं अल्कोहोल आज तयार मिळतं. यावर माळ उभा करू नका. आहेत त्या झाडांच्या शेंगा मात्र पेटवू नका. गोळा करा, पेंड उसाला घाला, तेल साबणाला आणि फवारणीला विका, आणि एखादा डबा महाविद्यालयाला द्या. सरपंचांचा चेहरा पडला, पण ठराव झाला नाही.

माझ्यासारखं काम करणाऱ्या शिक्षकांना एवढंच सांगेन की नुसत्या द्रावकाचा कोरा नमुना लावल्याशिवाय एकही आकडा छापू नका, आणि कोणत्या विहिरीचं तेल, किती तापवलं, किती वेगाने गार केलं हे लिहिल्याशिवाय तर मुळीच नाही. आणि वाचकहो, बियांच्या तेलाने पाइपलाइनचा प्रश्न सुटला असं कोणी तुमच्या गावात येऊन सांगू लागला, तर रोपं घेण्याआधी त्याला विचारा की एकट्या झायलीनने किती काम केलं होतं.